घराण्याच्या शाळेचा इतिहास लिहायचा तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आजोबांनी स्वातंत्र्याआधी कोल्हापूरच्या राजारामपुरीत खासगी शाळा काढली. पुढं तुमचे वडील आणि थोरले काका यांनी ती चालवली, आता तिसरी पिढी कार्यकारिणीवर आहे. नव्वदीच्या निमित्तानं इतिहास छापायचं ठरलं आणि ते काम तुमच्याकडं आलं. कमानीवर स्थापनेचं साल १९३५, लेटरहेडवर १९३८, तर धर्मादाय कार्यालयाच्या दाखल्यावर १९५२. शाहूपुरीतल्या घरी ठेवलेले कागद २०१९ च्या महापुरात भिजले. थोरले काका मधेच संस्थेतून बाजूला झाले, पण त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. आत्या म्हणतात, आजोबांचं चरित्र लिही, तोच शाळेचा इतिहास. आणि तुम्ही विचारलंय, सुरुवात कुठून करू?

मी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर कोल्हापूर-सांगली भागातल्या शिक्षणसंस्थांच्या स्मरणिका आणि इतिहास संपादित करत आलो. त्यात एकाच घराण्यानं उभ्या केलेल्या शाळा बऱ्याच होत्या. त्या अनुभवावरून सांगतो, शाळेत जा, पहिलं जनरल रजिस्टर मागा आणि तिथून सुरुवात करा. आजोबांचं चरित्र तूर्त बाजूला ठेवा.

आत्यांचा आग्रह मी समजू शकतो. आजोबांनी खस्ता खाल्ल्या, जमीन विकली, दारोदार फिरून मुलं गोळा केली, या गोष्टी त्यांनी लहानपणापासून ऐकल्या आहेत आणि त्या खऱ्याही असतील. पण तो घराचा इतिहास झाला. शाळा नव्वद वर्षांची आहे, तिच्यातून हजारो मुलं गेली, कितीतरी शिक्षकांनी आपली उमेदीची वर्षं तिथं घालवली. घरच्यांच्या आठवणींवरून लिहिलेली पुस्तकं मी पाहिली आहेत. पहिला अर्धा भाग संस्थापकांचा, मग अध्यक्षांचे फोटो, मग बोर्डात आलेल्या मुलांची यादी. १९६० च्या दशकात तिथं शिकलेला माणूस ते पुस्तक उघडतो आणि त्याला आपली शाळा कुठंच सापडत नाही. तेव्हा सालांचा घोळ आणि भिजलेले कागद या अडचणी खऱ्या असल्या तरी तुमचा मूळ प्रश्न इतिहास कुणाचा लिहायचा हा आहे. तो सुटला की बाकीच्या गाठी सुटायला लागतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून राहतील. जुनी रजिस्टरं शाळेत सुरक्षित असतील तर काम पुष्कळ सोपं. तीही घरीच होती आणि भिजली असतील, तर बाहेरच्या कागदांवर भिस्त ठेवावी लागेल. शाळा अनुदानित असेल तर शिक्षण खात्याशी झालेला पत्रव्यवहार जाडजूड असणार, नसेल तर तो विरळ आणि फीच्या वह्या जास्त महत्त्वाच्या. संस्थेचा काही वाद धर्मादाय आयुक्तांपुढं किंवा कोर्टात चालू असेल तर काय छापावं याला मर्यादा येतात. हे तिन्ही आधी विचारून घ्या.

आता जनरल रजिस्टरबद्दल जरा सविस्तर, कारण माझा सगळा भर त्याच्यावर आहे.

शाळा सोडल्याचा दाखला ज्याच्यावरून लिहितात ते हे रजिस्टर. नोंदणी क्रमांक, मुलाचं नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख आणि इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, शेरा. रकाने थोडेफार बदलतात, पालकाचं नाव आणि व्यवसाय काही जुन्या रजिस्टरांत असतो, काहींत नसतो. हे रजिस्टर कायम जपायचं असतं, म्हणून बाकी कागद गेले तरी ते बहुतेक शाळांत सापडतं. मुख्याध्यापकांची रीतसर लेखी परवानगी घ्या, शाळेतच बसून वाचा, रजिस्टर घरी नेऊ नका. तुम्ही घरचे असलात तरी नाही. दस्तऐवज शाळेचा आहे.

एका शाळेच्या पहिल्या रजिस्टरची पहिली काही पानं सांगतो, म्हणजे त्यात काय मिळतं ते कळेल. सुरुवातीच्या नावांपैकी निम्म्यांचं आडनाव संस्थापकांचंच होतं: स्वतःची मुलं, पुतणे, भाचे. त्यानंतर त्याच वाड्यातल्या बिऱ्हाडकरूंची मुलं. मग गल्ली बदलते, पेठ बदलते. चार-पाच पानांनंतर जन्मगावच्या रकान्यात कागल, राधानगरी, पन्हाळा यायला लागतात. म्हणजे घरातला वर्ग होता तो केव्हा शाळा झाला, हे त्या रकान्यातून दिसतं. कुठल्याही भाषणात ते सांगितलेलं नव्हतं. त्याच रजिस्टरात कागलकडच्या एका मुलाचं नाव इंग्रजी दुसरीत (आजची सहावी) असताना कमी केलेलं आहे, कारण लिहिलंय ‘घरी शेतकाम’. दोन वर्षांनी तेच नाव नव्या क्रमांकानं पुन्हा दाखल. या वेळी पालकाच्या रकान्यात वडिलांऐवजी एका वसतिगृहाचे अधीक्षक. शेवटचा शेरा ‘मॅट्रिक उत्तीर्ण’. नाव न देता एवढंच छापलं तरी त्या काळची अर्धी कहाणी वाचकापुढं येते.

हे वसतिगृहाचं नाव कोल्हापुरात मुद्दाम शोधा. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात केली आणि पुढं जैन, लिंगायत, मुस्लिम अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहं इथं उभी राहिली. दसरा चौकात उभं राहिलं तर आजही त्यातली काही नजरेच्या टप्प्यात येतात. १९१७ मध्ये महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. खेड्यात मराठी चौथी झालेला मुलगा पुढच्या शिक्षणासाठी शहरात यायचा, बोर्डिंगात राहायचा, आणि त्याला इंग्रजी शाळेत जागा हवी असायची. भवानी मंडपातलं राजाराम हायस्कूल होतं, पण गरज वाढत होती. तुमच्या आजोबांसारख्यांच्या खासगी शाळा या वाढत्या गरजेतून चालल्या का, की मुख्यतः शहरातल्या पांढरपेशा घरांसाठी चालल्या? याचं उत्तर तुमच्या रजिस्टरात आहे. ते जे असेल ते लिहा.

त्याच अनुषंगानं जातीचा रकाना. तो टाळून जाऊ नका. पहिल्या दहा वर्षांत कुठल्या समाजांतली मुलं होती, दलित मुलगा पहिल्यांदा केव्हा दाखल झाला, मुली केव्हा आल्या आणि कुठल्या घरांतून आल्या, हे मोजून लिहा. वेदोक्त प्रकरण, म्हणजे शाहू महाराजांना वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाकारल्यावरून झालेला वाद, याच गावात पेटलं, १९११ पासून सत्यशोधक समाजाचं काम इथं जोरात चाललं, नोकऱ्यांतल्या राखीव जागांचा १९०२ चा हुकूम याच संस्थानातला. त्या गावातल्या शाळेच्या इतिहासात ‘आमच्या शाळेत सर्वांना प्रवेश होता’ असं एकच वाक्य असेल तर वाचक ते मनावर घेणार नाही. आकडे द्या. मात्र व्यक्तिगत नावासोबत जात, जन्मतारीख किंवा नापास झाल्याचा शेरा छापू नका. माणूस हयात असेल किंवा त्याची मुलंबाळं असतील, ती नोंद आपल्याला दाखवायला दिलेली नाही.

जुन्या इयत्ता वाचताना गोंधळ होतो. तेव्हा मराठी चार इयत्ता झाल्या की इंग्रजी पहिली सुरू व्हायची. म्हणजे इंग्रजी पहिली ही आजची पाचवी, इंग्रजी तिसरी ही सातवी आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल वेगळी, ती होऊन मुलं प्राथमिक शिक्षक व्हायची. हे तक्त्यात एकदा मांडून ठेवा, नाहीतर ‘तिसरीतल्या मुलांनी संस्कृत नाटक केलं’ असं काहीतरी छापून जाईल.

आता तुमची तीन सालं. माझ्या अंदाजानं तिन्ही बरोबर आहेत, फक्त प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. बहुतेक जुन्या खासगी शाळांचा जन्म टप्प्याटप्प्यानं झालेला असतो. आधी घरात किंवा भाड्याच्या खोलीत वर्ग भरतो, बहुधा विजयादशमीला किंवा पाडव्याला. मग दोन-तीन वर्षांनी दरबारच्या शिक्षण खात्याची मान्यता मिळते. १९५२ चं साल बघितलं की मला मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० आठवतो. त्याची अंमलबजावणी १९५२ मध्ये सुरू झाल्यावर कितीतरी जुन्या संस्थांनी नोंदणी केली. तो दाखला नोंदणीचा आहे, स्थापनेचा नव्हे. १९३८ चं मान्यतापत्र आणि १९३५ च्या पहिल्या दाखल्याची नोंद सापडते का बघा. सापडली तर तिन्ही सालं एका परिच्छेदात खुलासा करून द्या. १९३५ साठी कागद सापडलाच नाही तर ‘संस्थापकांच्या कुटुंबातील आठवणीनुसार’ असं लिहा. कमान पाडायची गरज नाही.

जुन्या कागदावर शके किंवा फसली (जुनं महसुली) साल असेल तर शकात ७८ मिळवा, पौष-माघ-फाल्गुनाच्या सुमारास ७९. फसलीत ५९०, वर्षाच्या उत्तरार्धात ५९१. विजयादशमी शके १८५७ म्हणजे ऑक्टोबर १९३५. फसली १३४५ म्हणजे १९३५-३६.

१ मार्च १९४९ ही तारीख मात्र तुमच्या कामात ठळक लिहून ठेवा. त्या दिवशी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधीची मान्यता, अनुदान, तपासणी हे सगळं दरबारचं, त्यानंतरचं मुंबई सरकारचं. साहजिकच कागदही दोन ठिकाणी. दरबारी पत्रव्यवहार शोधायचा तर कोल्हापूर पुराभिलेखागारात अर्ज करा. तिथं जाताना ‘आमच्या शाळेचं काही आहे का’ असं मोघम विचारू नका. शिक्षण खातं, अंदाजे साल, अर्जदार म्हणून आजोबांचं पूर्ण नाव, एवढं कागदावर लिहून न्या. काही कागद मोडीत असतील. मोडी वाचणारी चांगली माणसं गावात आहेत, त्यांना मानधन द्या आणि पुस्तकात त्यांचं नाव घाला. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं आहे, तिथं जुने अंक आणि स्थानिक पुस्तकं चाळा. ‘पुढारी’ १९३९ पासून दैनिक आहे. त्यातले मे-जूनचे अंक आधी बघा, प्रवेशाच्या जाहिराती आणि मॅट्रिकचे निकाल तेव्हाच येतात. जाहिरातीत फी छापलेली सापडली तर ती सोन्यासारखी जपा.

एक साल कोल्हापूरच्या पुष्कळ घरांच्या आठवणीत कोरं असतं, ते १९४८. गांधीजींच्या हत्येनंतर इथं ब्राह्मणांच्या घरादारांची जाळपोळ झाली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही त्यात जळाला. तुमचं घराणं कुठल्या बाजूला होतं हे मला माहीत नाही आणि विचारतही नाही. पण त्या वर्षीचा हजेरीपट बघा. फेब्रुवारीत शाळा किती दिवस बंद होती, कुठले शिक्षक जूनमध्ये परतले नाहीत, कुठली मुलं दाखला घेऊन पुण्याला किंवा सांगलीला गेली, दप्तर जळालं का, हे त्यात दिसू शकतं. वयस्कर माणसं यावर बोलायला कचरतात, म्हणून कागदावर जे आहे ते साध्या वाक्यांत लिहा आणि कुणाच्याही तोंडी आरोप घालू नका. पण वर्ष गाळू नका.

आता आजीबद्दल. तुमच्या प्रश्नात आजीचा उल्लेख नाही, आणि घराण्याच्या शाळांवरच्या बहुतेक प्रश्नांत तो नसतो, म्हणून मला यावर थांबावंसं वाटतं. घरानं चालवलेली शाळा म्हटलं की घरातल्या बायकांचे कष्ट त्यात असणारच. गावाकडून आलेली दोन-चार मुलं वाड्यातच राहायची, त्यांचा स्वयंपाक कोण करायचं? पगाराला पैसे कमी पडले की कुणाच्या पाटल्या सराफकट्ट्यावर जायच्या? मुलींचा शिवणाचा तास कोण घ्यायचं? एका शाळेच्या कामात मी शिक्षकांचा हजेरीपट आणि पगारपत्रक शेजारी ठेवून महिन्यामागून महिना ताडून पाहत होतो. हजेरीपटात संस्थापकांच्या पत्नीची सही रोज होती, पगारपत्रकात त्यांचं नावच नव्हतं. कितीतरी वर्षं हाच प्रकार. शेरेबुकात तपासनीसांनी लिहिलं होतं की मुलींचं शिवणकाम नीटनेटकं आहे, शिकवणारीचं नाव न घेता. आम्ही ती दोन पानं समोरासमोर छापली. प्रकाशनाच्या दिवशी त्या बाईंच्या हाताखाली शिकलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या विद्यार्थिनी एकमेकींना तीच पानं उघडून दाखवत होत्या.

तुमच्याकडं हे दोन कागद असतील तर आधी ते ताडा. आत्यांना आजोबांबद्दल विचारू नका, त्यांच्या आईबद्दल, म्हणजे तुमच्या आजीबद्दल विचारा. सकाळी किती वाजता चूल पेटायची, किती जण जेवायला असायचे, शाळेच्या चाव्या कुणाच्या कमरेला असायच्या. आत्यांकडून याची उत्तरं मिळतील आणि चरित्राचा आग्रह आपोआप थोडा मावळेल.

मुलाखतींचं म्हणाल तर क्रम महत्त्वाचा. आधी निवृत्त शिपाई, मग कारकून, मग शिक्षक, मग माजी विद्यार्थी आणि घरचे सर्वांत शेवटी. शिपायाला शाळेच्या इमारतीचा इंच न् इंच माहीत असतो आणि त्याच्याकडं कुणी सहसा जात नाही. ‘शाळेबद्दल काय वाटतं’ असं विचारलं की सगळे भाषण करतात. त्याऐवजी घंटा कुठं टांगलेली होती, पावसात कुठल्या वर्गात गळायचं, डब्याच्या सुट्टीत पाणी कुठून प्यायचात, दसऱ्याची सुट्टी किती दिवस, फी भरायची खिडकी कुठली, असं विचारा. माणूस त्या जागी जाऊन उभा राहतो आणि बोलायला लागतो. जुने ग्रुपफोटो सोबत न्या, फोटोच्या मागं पेन्सिलनं नावं लिहून घ्या आणि कुणी सांगितली तेही लिहा. एकाच गोष्टीचे दोन पाठ मिळाले तर दोन्ही टिपा.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात तुमच्या इतिहासाचा कणा पैसा आणि नियम असणार आहे. ऐकायला रुक्ष वाटेल, पण घराण्याची शाळा बदलते ती इथं. अनुदान येईपर्यंत शिक्षकाचा पगार म्हणजे आजोबांचा शब्द. अनुदान आल्यावर पगार सरकारचा, मग नेमणुकीत मान्यता, जाहिरात, सेवाज्येष्ठता हे सगळं आलं. यशवंतराव चव्हाणांच्या काळात ई.बी.सी.ची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची, फी सवलत आली. ‘फी न भरल्याने नाव कमी’ हा शेरा त्यानंतर तुमच्या रजिस्टरात किती उरला ते बघा. १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली आणि अकरावी शाळेतून बाहेर पडली. त्या वर्षी वर्गखोल्या, तुकड्या आणि जादा शिक्षकांचं काय केलं हे जुन्या मुख्याध्यापकांना नक्की आठवेल. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आल्यावर तर कुणालाही तोंडी काढून टाकणं किंवा तोंडी ठेवणं शक्य राहिलं नाही. घरातल्या माणसाचा शब्द आणि शासनाचा नियम यांत जिथं ओढाताण झाली, ते प्रसंग इतिवृत्तात सापडतात. कार्यकारिणीच्या सभांची इतिवृत्तं एका बैठकीत सलग वाचा.

याच काळात थोरले काका बाजूला झाले असावेत. त्याबद्दल मी हेच सुचवेन: धर्मादाय कार्यालयात परिशिष्ट १ चा उतारा आणि त्या वर्षांतले बदल अर्ज मागा. कोण केव्हा विश्वस्त झाला आणि केव्हा कमी झाला हे त्यात तारखेनिशी असतं. तेवढं छापा. कारणं छापायची तर इतिवृत्तात जशी आहेत तशी अवतरणात द्या, विशेषण एकही लावू नका. आणि तो मजकूर छापायला जाण्याआधी काकांच्या मुलांना दाखवा. बरेचदा घडतं असं की दुसरी बाजू भांडायच्या तयारीनं येते आणि त्या वर्षांत काकांनी बांधून घेतलेल्या प्रयोगशाळेचा उल्लेख वाचून शांत होते. काकांनी शाळेसाठी जे केलं ते नावानिशी यायलाच हवं. त्यांचं नाव गाळून काढलेला इतिहास कोल्हापुरात टिकणार नाही, प्रत्येक गल्लीत त्यांचा एखादा विद्यार्थी असेल.

याला जोडून एक नाजूक गोष्ट. शाळा सार्वजनिक विश्वस्त संस्थेची असेल तर कायद्यानं ती घराण्याची मालमत्ता नाही, घराणं तिचं विश्वस्त आहे. इमारतीखालची जागा कुणाच्या नावावर आहे ते नगर भूमापन कार्यालयातल्या मालमत्ता पत्रकावर दिसेल. जागा आजोबांनी दिली असेल तर बक्षीसपत्र शोधा. भाड्यानं दिली असेल तर तसं लिहा. ‘आमची शाळा’ हे शब्द भाषणात चालतात, इतिहासाच्या पुस्तकात ‘संस्थेची शाळा’ लिहिलेलं बरं. देणगीदारांच्या जुन्या याद्याही छापा. पाच-दहा रुपये देणाऱ्या व्यापाऱ्यांची, वकिलांची, शेतकऱ्यांची नावं असतील तर ती आधी येऊ द्या.

भिजलेल्या कागदांचं आता काय करता येईल? पूर ओसरून वर्षं झाली, तेव्हा पानं एकमेकांना चिकटून कडक झाली असणार. ती नखानं किंवा सुरीनं सोडवू नका, उन्हातही ठेवू नका. कोरड्या, हवेशीर जागी सावलीत ठेवा, बुरशी दिसली तर मास्क आणि हातमोजे घालून मऊ ब्रशनं उघड्यावर झटका. जी पानं सहज सुटतात त्यांचे फोटो आधी घ्या, वरून सरळ, दिवसाच्या उजेडात. चिकटलेले गठ्ठे कागद जतन करणाऱ्या जाणकाराकडं सोपवा. गठ्ठ्यात नेमकं काय आहे याची यादी घरच्यांना आठवत असेल तर तीही लिहून ठेवा, पुष्कळदा त्यातल्या पत्रांच्या प्रती शाळेच्या किंवा खात्याच्या फायलीत सापडतात.

शेवटची पंधरा-वीस वर्षं लिहिताना हात आखडता घेऊ नका. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा, इंग्रजी माध्यमाकडं वळलेले पालक, संचमान्यतेत (पटावरून तुकड्या आणि शिक्षकांना मिळणाऱ्या सरकारी मंजुरीत) कमी होत गेलेल्या तुकड्या, हे मराठी माध्यमाच्या कुठल्याही जुन्या शाळेला चुकलेलं नाही. तुमच्या शाळेचा पट कमी झाला असेल तर वर्षवार आकडे द्या. कुणी टिकवून धरली, कुठल्या शिक्षकांनी वस्त्यांवर फिरून मुलं आणली, ते लिहा. हे करणारे शिक्षक आज तुमच्यासमोर आहेत, त्यांच्याशी आत्ताच बोलून घेता येईल.

थोडक्यात कामाचा क्रम असा ठेवा: पहिली दोन-तीन जनरल रजिस्टरं, मग हजेरीपट आणि पगारपत्रक, मग शेरेबुक आणि इतिवृत्तं, मग पुराभिलेखागार आणि वर्तमानपत्रं, मुलाखती समांतर, आणि काकांचा भाग सर्वांत शेवटी. म्हातारी माणसं मात्र थांबत नाहीत, त्यांच्या मुलाखती क्रम मोडून आधी घ्या.

आजोबांचं चरित्र आत्यांना हवंच असेल तर ते वेगळ्या छोट्या पुस्तिकेत काढा, घरच्या फोटोंसह, घरच्या खर्चानं. शाळेच्या पुस्तकात त्यांना एक पूर्ण प्रकरण द्या, तेवढा त्यांचा मान आहे. छापलेल्या प्रतींपैकी एक करवीर नगर वाचन मंदिरात आणि एक शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात द्या. कागदांचे स्कॅन एका घरात ठेवू नका, एक संच शाळेत, एक पंचगंगेच्या पूररेषेपासून लांब राहणाऱ्या नातेवाइकाकडं.

पुढच्या आठवड्यात शाळा भरली की मुख्याध्यापकांना अर्ज द्या. पहिलं रजिस्टर हातात आलं की पहिल्या शंभर नोंदींचे चारच रकाने वहीत उतरवा: जन्मगाव, पालक कोण, आधीची शाळा, सोडण्याचं कारण. पालकाचा रकाना नसेल तर उरलेले तीन. तेवढं झालं की इथंच लिहा, त्यावरून प्रकरणं कशी पाडायची ते पुढं बोलू.